बाबा बोलले तो दिवस

केबिन रोडवर स्पेअर पार्टच्या दुकानापुढे ग्रीसचा वास आला आणि चौक गावातलं आमचं अंगण आठवलं. अपघातात बाबांचा उजवा हात निकामी झाला होता. किनाऱ्याच्या वाळूतून मासळी ओढणारी त्यांची फोर व्हील ड्राइव्ह जीप तशीच उभी होती, आणि महिनाभर ते कुणाशी बोलत नव्हते. जीपच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा, झिजला होता. एका सकाळी आई नवा क्रॉस घेऊन गाडीखाली शिरली आणि भलतीकडेच हातोडी मारू लागली.

"अगं, आधी क्रॉस अडकवणारं लॉक काढ," बाबा खुर्चीतून म्हणाले.

दुपारपर्यंत ते सांगत राहिले, ती करत राहिली. आई जीप दुरुस्त करतेय, एवढंच तेव्हा मला कळलं.

क्रॉस बसला तसे बाबा उठले. "मी स्टिअरिंग धरतो, गिअर तू टाक."

जीप अंगणाबाहेर निघाली.