फुलापर्यंतची मुदत

माझ्या सासऱ्यांच्या मते कलमावर दोनच गोष्टी असतात: आंबा आणि बांडगूळ. तिसरं काही दिसलं की तेही बांडगूळच. मी रत्नागिरीत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. पण घरच्या बागेत माझ्या शिक्षणाला विचारतो कोण!

पाऊस सरला की दरवर्षी गडी कोयती घेऊन कलमं साफ करतात. गेल्या खेपेला सासऱ्यांबरोबर मीही गेले. विहिरीजवळच्या कलमावर, फांदीच्या बेचक्यात, वाळक्या काटक्यांचा झुबका दिसला. पान एक नाही. गड्याने कोयती उगारली आणि मी अशी ओरडले की तो शिडीवरून पडायचाच बाकी होता.

"बाबा, हे ऑर्किड आहे. मेलेलं नाही, पानं गाळून बसलंय."

"बांडगूळ ते बांडगूळ," बाबा म्हणाले.

माझं डोकं तापलं. अहो, बांडगूळ झाडात मुळं खुपसून रस पितं. हे बिचारं सालीला नुसतं धरून राहतं, पावसापाण्यावर जगतं. सगळं एका दावणीला कसं बांधता?

"मग नाव सांग बघू त्याचं."

इथे माझी पंचाईत झाली. डेंड्रोबियमच्या गटातलं आहे एवढं कळत होतं. पण त्यातल्या दोन जाती अशा, की पानं गळली की जुळ्या बहिणी. फुलाचा रंग आणि खालच्या पाकळीचा आकार पाहिल्याशिवाय छातीठोक सांगता येत नाही. म्हटलं, फूल आलं की सांगते.

"बरं गो. फुलापर्यंत राहू दे. मग काढायचं."

झालं! माझा जीव त्या काटक्यांत अडकला. दर रविवारी बागेत फेरी. मोहोर आला, फवारणी निघाली, तशी मी धावत गेले. तर झुबक्यावर पोतं बांधलेलं. "औषध उडून जळलं असतं, तर तू मला जन्मभर ऐकवलं असतंस," बाबा म्हणाले. मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

आणि एका सकाळी त्या काटक्यांवर पांढरी फुलं! मी भिंग आणि ब्लेड घेऊन गेले. एक फूल तोडून, उकलून बघायचं होतं.

"हात लावशील तर बघ!" बाबा कडाडले. "काय बघायचं ते झाडावरच बघ."

घ्या! तोडा म्हणणारे तेच, राखणदारही तेच. शेवटी साडी खोचून मी शिडीवर आणि खाली शिडी धरून बाबा. रंग पाहिला, पाकळी पाहिली, पुन्हा पाहिली. शंका उरली नाही.

"डेंड्रोबियम बार्बॅट्युलम!" मी वरूनच ओरडले. मग खरं तेही सांगून टाकलं. "दुर्मिळ वगैरे नाही हो. आपल्याकडे आंब्यावर, फणसावर पुष्कळ होतं."

मला धास्ती, आता कोयती मागवतात की काय. वाकून पाहिलं तर ते फुलांकडे बघतच नव्हते. बाकीच्या कलमांवरून एकेक करत त्यांची नजर फिरत होती.

"म्हणजे एवढी वर्षं आम्ही काढून टाकलं, ते हेच?"

मला खोटं बोलवेना. "त्यातलं बरंचसं, बाबा."

त्यांनी शिडी घट्ट धरली. "उतर हळू," म्हणाले. "आणि यंदा साफसफाईला कॉलेजात रजा टाक. तू असल्याशिवाय कलमांना कोयती लागणार नाही."