उतरण सिलॅबसमध्ये नव्हती

सोनकांबळे मॅडम लिफ्टनं फक्त खाली यायच्या. वर जाताना जिना. लातूरच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये लिफ्ट अशी उलटी वापरणारं दुसरं माणूस नव्हतं. सकाळी दूध आणायला उतरलो की जिन्यात धापांचा आवाज यायचा, मग पाठीवर फुगलेली सॅक, मग खुद्द मॅडम. चौथ्या मजल्यावर पोचल्या की लिफ्टनं खाली, आणि तळाशी आल्या की पुन्हा जिना. एकदा वॉचमननं काळजीनं विचारलं, "मॅडम, काही हरवलंय का?"

"हाव," मॅडम म्हणाल्या. "दम हरवलाय. हुडकायले."

मॅडम गणिताच्या आणि मी भौतिकशास्त्राचा. एकाच ज्युनियर कॉलेजात आम्ही वर्षानुवर्षं एका स्टाफरूममध्ये डबा खाल्ला. त्या निवृत्त झाल्या तेव्हा भाषणात सगळे रडले आणि मॅडमनी सगळ्यांना गप्प केलं. साहेब, म्हणजे त्यांचे यजमान, त्याआधीच गेले होते. मुलगा मिलिंद पुण्यात नोकरीला. चौथ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या आणि पहिल्या मजल्यावर मी, माझं कुटुंब आणि माझं पोट. मॅडमचा देहही ऐसपैस होता. उभं राहून शिकवण्यानं गुडघे गेले होते, साखर होती, बीपी होतं. स्वतःच सांगायच्या, "खडू तेवढा झिजला सर, बाकी सगळं वाढत गेलं."

चाकूरजवळच्या खेड्यातल्या त्या. वर्गात भाषा अगदी छापील, पण चिडल्या किंवा माया आली की गावची बोली तोंडात यायची. मुलांना त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट घोकायला लावली: "लेकराहो, प्रश्न आधी नीट वाचा. उत्तर येत न्हाई म्हणून कुणी नापास होत न्हाई, भलत्याच प्रश्नाचं उत्तर लिहून होतंय."

ही सगळी भानगड दिवाळीत सुरू झाली. मिलिंद आला त्या दिवशी लिफ्ट बंद होती. तो बॅग घेऊन चढत असताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याला आई दिसली. पायरीवर बसलेली, मांडीवर भाजीची पिशवी, चेहरा घामानं डबडबलेला. त्यानं तेव्हा काही म्हटलं नाही. भाऊबीज झाल्यावर म्हटलं, आणि म्हणायच्या आधी फ्लॅटला गिऱ्हाईकही बघून ठेवलं. मी फराळाला गेलो होतो. चिवड्याची बशी हातात घेऊन मी तो सगळा सामना पाहिला.

"आई, तुला जिना चढवत नाही. उद्या काही झालं तर मी पुण्याहून कधी पोचणार?"

"म्हणून घर विकायलास?"

"विकायचं म्हणजे, तू माझ्याकडं यायचंस. तिथं तुझी खोली तयार आहे."

मॅडम गप्प बसल्या. गणिताच्या शिक्षिका अशा गप्प बसल्या की समजावं, फळ्यावर काहीतरी यायचंय. मिलिंदला डोंगरांचं वेड. पुण्याच्या मित्रांबरोबर त्याचा दर रविवार कुठल्या ना कुठल्या गडावर जायचा. मॅडमनी विचारलं, "तुमच्या डोंगरात सगळ्यात उंच कुठला?"

"महाराष्ट्रात? कळसूबाई."

"तिथं मला ने. कुणाचा हात न धरता वर गेले आणि खाली आले, तर घराचं नाव काढायचं न्हाई."

मिलिंद हसला. मग आईचा चेहरा बघून हसू आवरलं. "बरं. पण कुणाचाही हात न धरता हं, आई. डोली नाही, उचलणं नाही."

"अट परत एकदा म्हण," मॅडम म्हणाल्या. त्यानं म्हटली. त्यांनी ती आणखी एकदा म्हणवून घेतली आणि माझ्याकडं वळल्या. "बिराजदार सर, तुम्ही साक्षीदार. आणि साक्षीदार सोबत पाहिजे. उद्यापासून तुम्ही पण चढायचं." मी चिवड्याची बशी खाली ठेवली.

आमच्या लातूरचा एक स्वभाव आहे. कुठलीही गोष्ट पुढ्यात आली की आम्ही आधी तिचा सिलॅबस विचारतो. गल्लोगल्ली क्लासेस, मेसचे डबे, ट्रंका घेऊन उतरणारी परगावची पोरं. या हवेतच आम्ही मोठे झालो. जे विचारणार नाहीत ते वाचायचं नाही, आणि जे विचारणार ते झोपेत उठवलं तरी आलं पाहिजे. मॅडमनी कळसूबाईला हाच न्याय लावला. डोंगर म्हणजे चढ. चढाचा सराव जिन्यावर. सॅकमध्ये वजन म्हणून त्यांनी जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे भरले. "पोरांनी एवढी वर्षं वाहिलं, आता मी वाहते," म्हणाल्या. शेंगदाण्याची चटणी ताटात राहिली, तिच्यावरचं तेल सुटलं, आणि निलंगा राईसच्या गाडीसमोरून जाताना त्या मान दुसरीकडं वळवू लागल्या.

रविवारी आम्ही रेल्वेच्या पुलावर जायचो. आमच्या भागात चढ म्हणून दाखवायला तेवढाच. पुलाच्या माथ्यावर पोचलो की मॅडम ऑटो थांबवायच्या आणि आम्ही बसून घरी. मी एकदा विचारलं, "मॅडम, उतरायची पण प्रॅक्टिस लागेल ना?"

"सर, घागर भरून आणायला ताकद लागतीय. सांडायला लागतीय का?"

मी मान डोलावली. आयुष्यभर गुरुत्वाकर्षण शिकवून पोट भरलं मी, पण सपाट मुलखात वाढलेल्या माणसाला हेच पटतं की खाली यायला काय, पृथ्वी ओढतेच आहे. लिफ्टनं उतरण्यात वेळ वाचत होता आणि वाचलेल्या वेळात आणखी एक चढण होत होती. याहून शहाणपणाचं वेळापत्रक आम्हाला तरी दिसत नव्हतं.

लोक हसले. आमच्या बिल्डिंगचे चेअरमन म्हणाले, "मॅडम, या वयात हे काय काढलंत?" मॅडम म्हणाल्या, "तुमचं वय काय? आन् तुम्ही काय काढलंत?" ते पुन्हा जिन्यात थांबले नाहीत. डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी. गुडघ्यांचे फोटो उजेडात धरून तो म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? तुम्हाला जमणार नाही."

"तुला बारावीला असं कोण कोण म्हणलं होतं रे?"

"सगळेच म्हणाले होते, मॅडम."

"मी म्हणले होते का?"

तो बिचारा खाली मान घालून गोळ्या लिहू लागला. गुडघ्याला बांधायचे पट्टे मात्र त्यानं स्वतः बांधून दाखवले.

एवढा ताठा असलेल्या मॅडमना मी एकदाच खचलेलं पाहिलं. ऐन थंडीत एका सकाळी जिन्यातला धापांचा आवाज मध्येच थांबला. मी वर गेलो. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओढणीत तोंड खुपसून. साखर उतरली असेल म्हणून मी खिशातली गोळी पुढं केली. ती त्यांनी घेतली आणि चघळली.

"सर, मिलिंद चांगला हाय हो. सून पण चांगली हाय. पण तिथं मी कोण? मिलिंदची आई. इथं गंजगोलाईच्या बाजारात भाजीवाली सुदीक मॅडम म्हणती, तिच्या पोरीला मीच शिकवलंय. माणूस घर सोडून जातंय तवा नुसतं घर सुटत न्हाई." मग नाक पुसून उठल्या. "चला. उरलेला जिना कोण चढणार, तुमचा काका?"

मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की माझ्या पायांना गोळे आले होते हे मी विसरलो.

थंडी सरत आली तेव्हा आम्ही गेलो. पायथ्याच्या बारी गावात मिलिंद आणि त्याचे मित्र भेटले. सडपातळ, रंगीबेरंगी कपड्यांतली, हसरी पोरं. मॅडम आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेसवर बूट घालून उभ्या होत्या. पोरांच्या नजरा आमच्या दोघांच्या पोटांवरून फिरल्या आणि सभ्यपणे दुसरीकडं गेल्या.

आणि मॅडम चढल्या! सावकाश, थांबत, पण चढल्या. लोखंडी शिड्यांवर त्यांच्यातल्या एका मुलीनं हात पुढं केला तेव्हा म्हणाल्या, "हात नको बाई. तुझी काहीतरी गोष्ट सांग, ऐकत ऐकत येते." त्या पोरीनं आपल्या सासूची सगळी तक्रार सांगून संपवली तोवर शिडी संपली होती. माथ्यावर वारं इतकं होतं की बोललेलं ऐकू येत नव्हतं. मॅडमनी सॅकमधून धपाटे काढून सगळ्यांना वाटले. मिलिंद आईकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते वाऱ्यामुळं आहे असं तो दाखवत होता.

मग आम्ही उतरायला लागलो, आणि दहा-वीस पावलांत आमचं शहाणपण उघडं पडलं. मॅडमचे गुडघे लटलट कापू लागले. पाय खाली टाकला की तो टिकतच नव्हता. खाली बघितलं की सगळा मुरूम, निसरडा, आणि सरळ दरीत गेलेली वाट. मॅडम जागीच थांबल्या. चेहरा पांढरा पडला. माझी गतही तीच होती, पण माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "हे सिलॅबसमध्ये नव्हतं."

मिलिंदनं हात पुढं केला. "आई, बास झालं. वर आलीस, तेच पुष्कळ. आता धर हात. नाहीतर गावातून डोली मागवतो."

त्या हाताकडं मॅडमनी बघितलं. तो धरला असता तर दोन-तीन तासांत गाडीत बसल्या असत्या, आणि लातूरचं घर गेलं असतं. हे त्याला माहीत होतं, त्यांना माहीत होतं आणि साक्षीदार म्हणून मलाही माहीत होतं. मिलिंदचा चेहरा जिंकणाऱ्याचा नव्हता हो, घाबरलेल्या मुलाचा होता. मॅडमनी दुपट्टा कमरेला बांधला, सॅक पोटाशी घेतली आणि सरळ खाली बसल्या. दोन्ही तळहात जमिनीला टेकले आणि लहान लेकरू ओट्यावरून उतरतं तशा सरकू लागल्या.

"आई! अगं लोक बघतायत!"

"बघू दे. तिकीट न्हाई."

वर चढणारी माणसं बाजूला होऊन वाट देऊ लागली. कुणी फोन काढला तर मॅडम म्हणायच्या, "नीट काढा, चेहरा आला पाहिजे." थोड्या वेळानं मीही बसलो. लातूरचे दोन नामवंत शिक्षक महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरावरून बूड घासत खाली येत होते. शिड्यांवर त्या उलट्या तोंडानं, गज कवटाळून उतरल्या. ड्रेस मागून फाटला, तळहात सोलवटले. पोरं आधी हसली. मग ती सासूवाली मुलगी त्यांच्या पुढं चालत वाटेतले खडे बाजूला करू लागली.

पायथ्याशी आलो तेव्हा ऊन कलून गेलं होतं. मॅडम एका ओट्यावर बसल्या. मिलिंद समोर उभा राहिला. दिवसभराची काळजी आता रागावर आली होती. "आई, हे काय उतरणं झालं? चालत यायचं होतं."

"अट काय होती?"

मॅडम माझ्याकडं वळल्या.

"सर, तुम्ही सांगा."

"कुणाचा हात न धरता वर जायचं आणि खाली यायचं," मी म्हणालो.

"चालत म्हणला होता का त्यो?"

"नाही."

"मग? एवढं ओरडून शिकवलं सगळ्या लातूरला, अन् घरातलंच पोरगं राहिलं. मिलिंद, प्रश्न आधी नीट वाचावा."

मिलिंदला इतकं हसू फुटलं की तो खालीच बसला, आणि बसल्या बसल्या आईच्या बुटांच्या नाड्या सोडू लागला. मोजा काढताना त्यांनी दात आवळले, तेव्हा त्याचं हसू थांबलं. "नाही विकत घर," तो म्हणाला. "पण तू रोज फोन करायचास." मॅडमनी सोललेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

लातूरला आल्यावर हात बरे होताच मॅडमनी वेळापत्रक उलटं केलं. आता वर लिफ्टनं आणि खाली जिन्यानं. "चुकलेलं गणित वहीत तसंच ठेवून झोप येत न्हाई," म्हणाल्या. आधी कठड्याला धरून, मग न धरता. आपल्या घरात त्या आणखी दोन दिवाळ्या राहिल्या आणि लिफ्ट बंद पडली की चेअरमनना जिन्यातच गाठून बोलल्या.

या जूनमध्ये मिलिंदचा फोन आला, पण वेगळा. त्याची मुलगी अकरावीत गेली होती आणि गणितात पार अडकली होती. दहावीतच क्लास बदलून झाले होते. तो म्हणाला, "आई, येतेस का? तिला तुझ्याशिवाय कुणी काढणार नाही यातून." मॅडमनी त्याला दोनदा म्हणायला लावलं. मग माझ्याकडं किल्ली घेऊन आल्या. "बारावी झाली की परत येणार. तवर रोज खिडक्या उघडत जावा. घर कोंदतंय."

जायच्या दिवशी लिफ्ट चालू होती. बॅगा लिफ्टनं गेल्या. मॅडम जिन्यानं उतरल्या, चारही मजले, कठड्याला हात न लावता, एकेका पायरीवर पाय नीट ठेवत. शेवटच्या पायरीशी मिलिंदनं सवयीनं हात पुढं केला. मॅडमनी त्या हातात आपली पर्स दिली आणि स्वतः खाली आल्या.

गाडीत बसता बसता मला म्हणाल्या, "सर, मॅडमला पोरानं नेलं असं कुणी म्हणलं तर खपवून घेऊ नका."

मी घेत नाही. रोज सकाळी चौथ्या मजल्यावर जातो, खिडक्या उघडतो आणि जिन्यानं उतरतो. मागच्या आठवड्यात तेच जुनं गिऱ्हाईक पुन्हा आलं. घर बंदच आहे म्हणे, तर विकणार का? मी दारातूनच सांगितलं, घर बंद नाही, मालकीण कामावर गेल्यात.