गाडीचं तोंड कुणीकडं

उभ्या कोल्हापुरात चिलटांना हाकलायचं सोडून घरात ठेवून जेवू घालणारा माणूस एकच झाला, आणि देवानं तो नेमका माझ्या भिंतीपलीकडं आणून ठेवला होता. राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत शेवटचं घर त्यांचं, त्याच्या अलीकडचं आमचं. कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे, पण गल्लीला ते 'चिलटवाले सर' म्हणूनच ठाऊक. निवृत्त झाल्यावर माणसं देवपूजा वाढवतात, नाहीतर बागेत फिरायला जातात. या गृहस्थांनी आपली चिलटं कापसाचे बोळे लावलेल्या बाटल्यांतून घरी आणली आणि पुढच्या खोलीत मांडली. मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून त्यांच्यासाठी खीर व्हायची. ती जुनी झाली की चिलटं नव्या बाटलीत पालटायची. त्यासाठी बाटली आधी घडी घातलेल्या पंच्यावर आपटायची, म्हणजे ती तळाला पडतात. माझी सकाळ वर्षानुवर्षं त्या ठक ठक आवाजानं उजाडली. मी वैतागून भिंतीवर लाटणं आपटायचे. पलीकडून ओरडून उत्तर यायचं, "झालंच की!" ते कधीच झालेलं नसायचं.

त्यांच्या घरात केळ्याला बंदी होती. केळ्यावर बाहेरची चिलटं येणार आणि बाटल्यांतल्या घराण्यात मिसळणार, ही सरांची धास्ती. वहिनी बिचाऱ्या एकादशीला पदराखाली केळी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात यायच्या आणि चोरट्यासारख्या खायच्या. "सवत असती तर भांडले असते, या चिलटांशी काय भांडू?" म्हणायच्या. मात्र जाताना साल माझ्याकडंच टाकून, हात धुऊन जायच्या. माणूस कसलाही असो, त्याचं मन मोडायचं नाही, असा त्यांचा खाक्या.

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर पंखावरच्या केसांसाठी. चिलटाच्या पंखावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात, पेशीगणिक एक, आणि सगळे टोकाकडं वळलेले, तेल लावून भांग पाडल्यासारखे. सर मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवून विचारायचे, "आता सांगा, पेशीला डोळं न्हाईत, नकाशा न्हाय. तिला कसं कळतं टोक कुठं हाय?" मी म्हणायचे, "मला काय ठाऊक, माझी भाजी करपतेय तिकडं." "शेजारणीकडनं कळतं! शेजारणीला चिकटलेली असते की ती. तिचा कल बघून आपला केस वळवते. आणि मधल्या चार बिघडल्या, तर शेजारच्या धडधाकट पेशींचंबी केस फिरत्यात." सरांच्या बाटल्यांत हा बिघाड त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला होता. त्या पंखांवर केसांचे भोवरेच भोवरे. ते बघताना सरांचा चेहरा असा खुलायचा, की भाजी करपली तरी मला रागावता यायचं नाही.

पण भोवऱ्यांचं वेड एकदा माझ्या मुळावर आलं. लेकीला बघायला पाव्हणे आले होते, मुलगा चहाच्या कपावर वाकला होता, आणि सर मागून त्याच्या डोक्याकडं बघत आनंदानं ओरडले, "अहो, दोन भोवरे हायत की!" आता डोक्यात दोन भोवरे म्हणजे दोन बायका, असं आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मुलाची आई कप तसाच ठेवून उठली. सर त्यांच्यामागं फाटकापर्यंत पेशी समजावत गेले. सोयरीक मोडली ती मोडलीच. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. लेक मात्र खूश होती, तिला तो मुलगा आवडलाच नव्हता.

गल्लीशी त्यांचं भांडण होतं ते गाड्यांवरून. सगळ्या दुचाकी एकाच दिशेला तोंड करून लावाव्यात, हा त्यांचा हट्ट. समोरचा डेअरीवाला संपत आपली बुलेट हटकून उलटी लावायचा. सर बनियनवर बाहेर येऊन ओरडायचे, "एक उलटी लागली की शेजारच्या चार उलट्या लागत्यात! पंखावर दाखवू काय तुला?" संपत शांतपणे म्हणायचा, "सर, बुलेट हाय ही. चिलट न्हाय." गल्ली खो खो हसायची.

मग वहिनी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतर सर वाट चुकायला लागले. राजारामपुरीतल्या गल्ल्या तशाही एकीसारखी दुसरी. गूळ आणायला म्हणून गेलेले सर पलीकडच्या गल्लीत शेवटच्या घराच्या कुलपाशी झटत असलेले सापडले. "ही आतनं कडी लावून बसली हाय," म्हणत होते. मी हाताला धरून त्यांना घरी आणलं. त्यांचा मुलगा बंगळूरहून आला, डॉक्टरांना दाखवून झालं, आणि त्यानं सांगून टाकलं, "परत एकदा चुकले तर घर विकून यांना घेऊन जाणार." त्याचंही काही चुकत नव्हतं. सरांनी माझ्यापुढं चक्क हात जोडले. "तिथं मला नेऊ देऊ नका. तिथं माझं शेजारी कोण?" मी गल्लीत सगळ्यांना हे रडतरडतच सांगितलं. उपाय कुणालाच सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर संपतची बुलेट सरांच्या दाराकडं तोंड करून उभी. संध्याकाळी तिच्या शेजारच्या दोन स्कूटर तशाच. आठवडा झाला नाही तोवर अख्ख्या गल्लीतल्या गाड्यांची तोंडं शेवटच्या घराकडं. कुणी सभा घेतली नाही की कुणी कुणाला सांगितलं नाही. बाकीच्या गल्ल्यांत गाड्या वाटेल तशा, आमचीच तेवढी भांग पाडल्यासारखी. सर पिशवी घेऊन कोपऱ्यावर यायचे, थबकायचे, गाड्या न्याहाळायचे आणि एकेका हँडलला हात लावत थेट आपल्या फाटकाशी पोचायचे. एकदा बुलेटपाशी थांबून म्हणाले, "संपत, आत्ता कळलं व्हय तुला?" संपत म्हणाला, "कळलं की, सर." आणि डेअरीत जाऊन डोळे पुसत बसला. सर परत कधी चुकले नाहीत.

गेल्या थंडीत एका सकाळी भिंतीपलीकडं ठक ठक झालं नाही. मी लाटणं आपटलं. पुन्हा आपटलं. "झालंच की" काही आलं नाही. आपल्या घरात, आपल्या खाटेवर, झोपेतच गेले होते.

बाटल्या कुणालाच नको होत्या. मुलानं घराला कुलूप लावायच्या आधी मी खिडकीपाशी नेऊन सगळे बोळे काढले. त्यातली काही चिलटं आता माझ्या केळ्यांवर येऊन बसतात. मी हाकलत नाही.

परवा एक कुरिअरवाला आला आणि त्यानं गाडी उलटी लावली. संपत डेअरीतून ओरडला, "ओ पावणं, गाडीचं तोंड तिकडं करा!"

"का? तिकडं तर कुलूप हाय."

संपतनं कुलपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"असू दे," तो म्हणाला. "करा तिकडं."

पावण्यानं गाडी वळवून लावली.