आधी तुमी, साडूभाऊ

शर्यतीत उतरून प्रतिस्पर्ध्यालाच 'आधी तुम्ही' म्हणणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोची थोरली बहीण अक्का, तिचे हे यजमान. लिफ्टचं दार उघडलं की हे बाजूला होतात, बाकीचे आत शिरतात, लिफ्ट भरते, दार लागतं, आणि हे सात मजले जिन्याने चढून येतात. वर आल्यावर धापा टाकत एवढंच सांगतात, "गर्दी होती जरा." लग्नात जेवणाची थाळी हातात घेऊन ते इतक्या लोकांना पुढे सोडतात की त्यांच्यापर्यंत गुलाबजामचा नुसता पाक पोहोचतो, आणि तोही ते मागच्या माणसाला विचारून घेतात. स्कूटरचा हॉर्न त्यांनी कधी वाजवलेला मी ऐकला नाही. एकदा नेरूळच्या बाजारात त्यांच्या वाटेत भाजीची हातगाडी उभी होती. तिचा मालक समोरच्या टपरीवर चहा पीत होता. हे स्कूटर बंद करून मागे उभे राहिले, आणि तो गडबडीने पळत आला तेव्हा त्यालाच म्हणाले, "घाई न्हाई, होऊ द्या निवांत." साडू-साडूंचं नातं तसंही अदबीचंच असतं, पण इतक्या वर्षांत ह्यांनी मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. मी आपला 'साडूभाऊ'. अशा ह्या माणसाने निवृत्तीनंतर शर्यतीचा नाद लावून घ्यावा, आणि तोही पाण्यावरच्या, हे नवी मुंबईतल्या आम्हा नातेवाइकांना अजून नीटसं पटलेलं नाही.

पाण्याचं मात्र समजण्यासारखं आहे. साडू बीडकडच्या अशा गावचे, की जिथे स्थळ बघायला गेलं तर मुलाच्या शिक्षणाआधी गावच्या विहिरीची चौकशी होते. तरुणपणी सरकारी कचेरीत कारकून म्हणून बेलापूरला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी त्यांना दिवाळे गावाच्या बाजूला खाडी दाखवायला नेलं. भरती होती. हे बराच वेळ काठावर नुसते उभे राहिले आणि मग म्हणाले, "एवढं पानी हाय, आन् काठाला एक बी घागर न्हाई!" ते पाणी खारं आहे हे कळल्यावरसुद्धा त्यांचं मन त्यावरून उतरलं नाही. आजही हॉटेलातून उठताना टेबलावरच्या सगळ्यांच्या ग्लासांत राहिलेलं पाणी ते पिऊन टाकतात आणि मगच बाहेर पडतात.

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे घेऊन डॉक्टरकडे जातात, हे खाडीकाठच्या होडीक्लबात गेले. सुरुवातीला नुसते बघायला जायचे. पुढे परदेशी निघालेल्या एका सभासदाने आपली जुनी, ठिगळं लावलेली कॅटमरान त्यांच्या गळ्यात मारली. दोन लांबट निमुळत्या नावा, त्यांच्यामध्ये ताणून बसवलेलं जाळीचं कापड आणि वर शीड, इतकीच ती वस्तू. बसायला फळी नाही, टेकायला पाठ नाही, धरायला दोऱ्या मात्र मुबलक. अक्काने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती म्हणाली, "ही तर बाज हाय! पान्यात झोपायला जायलात का?" तेव्हापासून घरात तिचं नाव बाज असंच पडलं. दर रविवारी साडू घरूनच अंगात ते नारिंगी लाइफ जॅकेट चढवून स्कूटरवर बसत. एकदा चौकात हवालदाराने अडवून हे काय सोंग म्हणून विचारलं, तर म्हणाले, "हेल्मेट नुसतं डोस्क्याला आस्तंय साहेब, ह्यानं समदं अंग झाकतंय." हवालदाराने त्यांना पुढे रस्ता मोकळा करून दिला. त्यांनी अर्थातच आधी मागच्या टेम्पोला जाऊ दिलं.

ह्या शर्यतीत पाण्यावरच्या नारिंगी फुग्यांना वळसे घालायचे असतात. वळणावर सगळ्या होड्या एकाच वेळी येऊन थडकतात आणि मी आधी, मी आधी अशी जी आरडाओरड सुरू होते, तीत उच्चारले जाणारे शब्द छापण्यासारखे नसतात. आमचे साडू मात्र तिथे चक्क थांबत. शीड सैल सोडून, "या, या, तुमचं होऊ द्या," असं म्हणत एकेकाला जयभीम घालत ते सगळ्यांना वाट देत आणि शेवटून पहिला नंबर घेऊन आनंदाने परत येत. गंमत म्हणजे होडी हाकण्यात ते कुणाला हार जाणारे नव्हते. वारा जोराचा झाला की चांगले चांगले शीड गुंडाळून काठाला लागत आणि हे एकटे मजेत फिरत राहत. मी एकदा त्यांना म्हटलं, "अहो, थोडं घुसायला शिका. एवढा वारा असून तुम्ही मागे." ते म्हणाले, "वारं काय टँकरचं पानी हाय का साडूभाऊ, भांडून भरायला? सगळ्यायला पुरतंय."

मी स्वतः पूर्णपणे जमिनीवरचा माणूस. पोहायला येतं ते नावापुरतं. तरी मी त्या होडीवर कसा गेलो, ह्याचं कारण माझं पोट. होळी सरली की दुपारनंतर खाडीवर असा वारा सुटतो की होडीची एक बाजू पाण्याबाहेर उचलली जाते, आणि तिला खाली दाबायला त्या कडेवर भक्कम वजन लागतं. क्लबाच्या वार्षिक शर्यती दोन दिवसांवर आलेल्या, वारा वाढत चाललेला, आणि साडूंचे नेहमीचे जोडीदार, एक दातांचे डॉक्टर, पाठ धरून अंथरुणाला खिळलेले. साडू आमच्याकडे चहाला आले. कप खाली ठेवताना त्यांची नजर माझ्या पोटावर पडली आणि तिथेच रेंगाळली. "साडूभाऊ," ते हळूच म्हणाले, "वारं लई सुटायलंय. तुमच्यासारखं वजनदार मानूस पायजे." माझ्या पोटाला मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. मी विरघळलो. लगेच आमच्या दिवाणावर तालीम झाली. ते काल्पनिक सुकाणू धरून "आलं, आलं, वारं आलं" म्हणायचे आणि मी दिवाणाच्या कडेवरून मागे झुकायचो. दिवाणाचा एक पाय गेला, तेव्हा माझ्या बायकोने तालीम संपल्याचं जाहीर केलं. शिकवण म्हणून एकच गोष्ट माझ्या पदरात पडली: शिडाची दोरी ओढली की होडी पळते, सोडली की थांबते. "भ्या वाटलं की सोडून द्यायची, बास," असं साडूंनी दोनदा सांगितलं.

रविवारी दुपारी आम्ही पाण्यात उतरलो तेव्हा काठावर छत्र्या उलट्या होत होत्या. अक्का आणि माझी बायको डबा घेऊन क्लबाच्या कठड्यापाशी बसल्या होत्या. भोंगा वाजला, शिडं भरली, आणि मला कळायच्या आत आम्ही पळू लागलो. खरं सांगतो, पहिला वळसा पार पडेपर्यंत मला मजा आली. माझ्या वजनाने होडी अशी काही दबली की आयुष्यात प्रथमच आम्ही मधल्या घोळक्यात होतो. मग दुसऱ्या फुग्यापाशी मागून तीन होड्या ओरडत आल्या, साडूंनी सवयीप्रमाणे "या, या" म्हणून शीड सैल केलं, होडीची चाल मोडली, आणि नेमका त्याच क्षणी वाऱ्याचा असा एक सोटा बसला की बाज आडवी झाली. आम्ही दोघं खाडीत.

इथपर्यंत काळजीचं काही नव्हतं. अशा होड्या उलटतातच. साडूंनी मला हसून विचारलं, "लागलं न्हाई ना?" आणि मग खालच्या नावेवर उभं राहून, दोरीला लोंबकळून त्यांनी ती उभी केली. पुन्हा पाण्यात पडले, पण होडी सरळ झाली. आता नियम असा, की हाकणाऱ्याने आधी वर चढायचं किंवा निदान होडी सोडायची नाही. पण वर चढायला जागा एक, माणसं दोन, आणि त्यातला एक त्यांचा साडूभाऊ. जन्मभराचं वळण कुठे जाणार? "आधी तुमी," ते म्हणाले, आणि मी नको नको म्हणत असताना दोन्ही हातांनी मला खालून रेटलं. मी जाळीवर पालथा पडलो. आधाराला हाताशी आलं ते गच्च धरलं. ती शिडाची दोरी होती. शीड फुगलं आणि होडी मला एकट्याला घेऊन निघाली. मागे पाण्यात साडू.

भीती वाटली की माणूस हातातलं सोडत नाही, आणखी आवळतो, हे तालमीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी जितकी दोरी आवळत होतो तितकी होडी पळत होती. मागून साडूंचा आवाज आला. एवढ्या अवस्थेतही त्यांनी सुरुवात काय केली असेल? "साडूभाऊ, जमलं तर..." पुढचं वाऱ्याने नेलं. जमलं तर! मी मान वळवली. एक नारिंगी ठिपका लाटेवर आला आणि खाली गेला, पुन्हा आला, आणि मग दिसेनासाच झाला. पासष्टीच्या पुढचा माणूस, ओहोटी लागलेली, आणि क्लबाची मदतीची मोटरबोट पार पलीकडे उलटलेल्या दुसऱ्या होड्यांमागे. मी मोठ्याने ओरडलो. मग हातातलं बळच सरलं आणि दोरी सुटली. होडी जागच्या जागी थांबली. शीड फडफडत होतं आणि मी गुडघ्यांवर बसून त्या पाण्याकडे बघत होतो, आणि पाण्यावर कुणी नव्हतं. आता अक्काला जाऊन काय सांगायचं, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता. इतका घाबरलेला मी कधीच नव्हतो.

तेवढ्यात मासेमारीची एक होडी गावाकडे परतताना मध्येच वळलेली दिसली. तिच्यावरच्या दोघांनी वाकून काहीतरी वर ओढलं. ते हलतंय की नाही, इतक्या लांबून कळेना. मग त्यातून एक हात वर आला आणि माझ्याकडे बघून हलू लागला. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथे त्या जाळीवर बसून चक्क रडलो, आणि खारं पाणी तोंडावर असल्याचा फायदा एवढाच झाला की ते कुणाला कळलं नाही. कोळ्यांची होडी जवळ आली तेव्हा साडू माशांच्या टोपल्यांमध्ये अंग चोरून बसले होते, मासळीला त्रास नको म्हणून. "तुमचाच मानूस हाय ना ह्यो?" त्यातला म्हातारा कपाळावर हात मारून म्हणाला. "आमी जवल आलो त आमाला इचारतो, जरा टाइम हाय का! अरे, बुडनारा मानूस कदी टाइम इचारतो?" साडू संकोचून म्हणाले, "त्यायच्या घरी जायच्या टायमाला आपन..." आणि मग माझ्याकडे बघून, "साडूभाऊ, तुमाला लागलं तर न्हाई ना?"

परत ते आमच्या होडीवर चढले. दुसऱ्याची मदत घेतली म्हणजे आम्ही शर्यतीतून बाद होतो, पण समोर शर्यतीची शेवटची रेघ आहे तर ओलांडून जाऊ, असं त्यांचं म्हणणं पडलं. ह्या वेळी त्यांनी मला जाळीच्या अगदी मधोमध बसवलं. भोंगेवाला आवराआवर करून निघालेला, तरी त्याने आमच्यासाठी थांबून भोंगा वाजवला.

काठावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्का टॉवेल घेऊन पुढे आली आणि लहान मुलाचं पुसावं तसं साडूंचं डोकं खसाखसा पुसत राहिली. संध्याकाळी त्यांच्या घरी जेवताना 'जरा टाइम हाय का' वरून हसून हसून आमची मुरकुंडी वळली. माझी बायको तेवढी हसत नव्हती. मी कारण विचारलं, तर भात कालवता कालवता साडूंकडे वळून म्हणाली, "काठावरून आम्हाला होडी दिसत होती, पण तिच्यावर एकच माणूस दिसत होता. दोघांचीही जॅकेटं नारिंगी. एकजण बसलाय आणि एकजण पाण्यात, एवढंच कळत होतं. मनात काय आणायचं तेच कळेना दाजी. बसलेला माझा असू दे म्हणावं, तर पाण्यातला अक्काचा. मी अक्काकडे बघितलं, ती पण माझ्याकडेच बघत होती. मग आम्ही दोघी नुसत्या हात धरून उभ्या राहिलो." साडूंचा घास हातातच राहिला. त्याच आठवड्यात त्यांनी ती होडी क्लबाला देऊन टाकली. कुणी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं, अगदी मनापासून. रविवार पुन्हा रविवारसारखे झाले. साडू संध्याकाळी येत, चहा घेत, बाहेर झाडं हलत असली तरी वाऱ्याचा विषय काढत नसत. त्यांचं ते गप्प बसणं मला फारसं आवडत नव्हतं, पण माणूस समोर बसलेला आहे हे काय कमी, असं मी स्वतःला सांगत असे.

गेल्या रविवारी दुपारी पुन्हा तसाच वारा सुटला. मी जेवून आडवा होतो तोच अक्काचा फोन आला. "भाऊजी, झोपला असाल तर उठा. सकाळधरनं हे खिडकीपुढं खुर्ची टाकून बसलेत. पडदा फुगला की दोरी धरल्यावानी हात मागं घ्यायलेत. मला बघवंना."

"काठावर नेऊन बसवू का थोडा वेळ?"

"काठावर कशाला?" ती म्हणाली. "मी जाऊन इचारून आले क्लबात. होडी देतो म्हनलेत. फकस्त जाल तर दोघं जा, आन् याल तर दोघं या."

मी बरं म्हणून फोन ठेवला. बायकोने पलीकडून सगळं ऐकलं होतं. मी शर्ट घालेपर्यंत ती चप्पल घालून दारात उभी होती, अक्काबरोबर थांबायला.