लाल बाटली आणि नत्थूजींचं दूध

सौसरच्या एका कॉलेजात नत्थूजी लॅब अटेंडंट होते. नोकरी तीस वर्षांची, आणि जोडधंदाही तितकाच जुना: घरच्या तीन म्हशींचं दूध स्टाफरूमच्या चहाला पुरवायचं. दूध पातळ आहे असं कोणी म्हणायचा अवकाश, नत्थूजी जामसांवलीच्या मारुतीची आण घेत. "थेंबभर पाणी टाकलं असन तं तो पाहून घेईन!" तिथला मारुती आडवा झोपलेला आहे, याचा त्यांना मोठा आधार होता. झोपलेल्या देवाच्या कानावर कशाला काय जातंय?

तसे ते देवमाणूस. फक्त कोणतंही भांडं अर्धं दिसलं की त्यांचा हात शिवशिवायचा. फिनेल असो की शाई, पाणी घालून काठोकाठ केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

रसायनशास्त्राच्या दामिनी मॅडम पांढुर्ण्याहून रोज यायच्या. नत्थूजींना भाऊ म्हणायच्या, संत्र्याची बर्फी आणायच्या. त्यांनी महिनाभर खपून एक बाटली सोन्याचं पाणी बनवलं. डाळिंबाच्या रसासारखं लाल.

"सोनं तं पिवळं असते जी," नत्थूजी म्हणाले.

"एवढे बारके कण केले का लाल दिसते, भाऊ. डोळ्याले दिसत नाही असे लाखो कण तरंगून राहिले याच्यात. सगळ्यांवर एकाच जातीचा विद्युतभार, म्हणून एकमेकाले जवळ येऊ देत नाहीत."

नत्थूजींना हे लगेच पटलं. त्यांचे चारही भाऊ रामाकोना गावात एकाच अंगणात राहत आणि एकमेकांच्या ओसरीवर पाय ठेवत नसत.

दुसऱ्या दिवशी तपासणी समिती यायची होती. बाटली पसंत पडली तर मॅडमना स्वतःची लॅब मिळणार होती. आणि नेमकं त्याच सकाळी फळी पुसताना नत्थूजींचं कोपर लागलं. अर्धी बाटली सांडली.

घाबरायचं काय त्यात? नळ शेजारीच होता. बोअरचं खारं पाणी, बादल्यांवर पांढरा थर चढवणारं. त्यांनी बाटली गळ्यापर्यंत भरली, समाधानानं झाकण लावलं, आणि बघता बघता लाल पाणी जांभळं झालं, मग निळं. नत्थूजींनी बाटली घाईनं फळीवर ठेवली आणि हात जोडले. मारुती जागा झाला होता.

समितीसमोर निळी बाटली आली तेव्हा प्राचार्य मॅडमवर घसरले. "लाल दाखवतो म्हणाल्या आन् हे काय आहे?"

"याच्यात कोणीतरी खारं पाणी टाकलं, सर. क्षारानं भार झाकला जाते, मग कण एकमेकाले चिकटतात, गठ्ठे बनतात, रंग निळा होते."

"बहाणे नका सांगू!"

मॅडमचे डोळे भरले. नत्थूजी दाराशीच उभे होते. बोलावं तर तीस वर्षांचं बिंग फुटतं, गप्प बसावं तर लेकीसारख्या पोरीची मेहनत मातीत जाते. ते रडणं त्यांना बघवेना.

"साहेब, पाणी म्या टाकलं."

"कायले?"

"अर्धं भांडं दिसलं का हात थांबत नाही जी. दुधाची सवय..."

चहा पीत बसलेल्या तीन प्राध्यापकांनी एकदमच आपापल्या कपात पाहिलं.

समितीतल्या एका बाईंनी मात्र नळाचं पाणी मागवलं. मॅडमच्या कपाटात त्याच लाल पाण्याची छोटी शिशी उरली होती. तिच्यात पाणी पडताच सगळ्यांदेखत ती निळी झाली, मॅडमचं म्हणणं खरं ठरलं आणि लॅब तिथल्या तिथे मंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी नत्थूजींनी जन्मात पहिल्यांदा निव्वळ दूध आणलं. चहावर बोटभर साय. दुपारपर्यंत अर्धा स्टाफ पोट धरून घरी गेला.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "नत्थूजी, थोडंसं टाकत जा. पण बोअरचं नको."