एकटीच्या अल्बमला सहा जणींच्या टाळ्या

आमच्या गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर दुपारी साडेतीनला उघडतं. त्याआधी मालकीण मित्सुए बायकांच्या कोरड्या हौदात बसून गिटार वाजवते, हे मी वीस वर्षं ऐकतेय. गाणी ब्राझीलच्या सांबाच्या ठेक्यातली, पण मध्येच प्लास्टिकची बादली बडवायची, बॉयलरची घुरघुर घालायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. तरी बासष्टाव्या वर्षी तिनं स्वतःचा अल्बम काढायला घेतला, तेव्हा मला फार आनंद झाला. गाणं, वाजवणं, सगळं एकटीनं.

तिला धास्ती एकाच माणसाची, एदसोन कुवाबाराची. तो साओ पावलोत जन्मलेला, इकडे जपानात कारखान्यात कामाला आला, आणि त्यानंच तिला गिटार शिकवली. प्रत्येक गाण्यावर त्याचं ठरलेलं, "छान आहे. पण जपानी आहे." एकदा तरी त्यानं "हे आमचं आहे" म्हणावं, एवढाच तिचा हट्ट.

शेवटच्या गाण्याला टाळ्या हव्या होत्या, म्हणून आम्हा सहा म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना तिनं हौदाच्या कडेवर बसवलं.

"टाळी दुसऱ्या मात्रेवर हं, कियोनो-सान. पहिलीवर नाही."

"का गं? पहिलीनं काय घोडं मारलंय?" चौऱ्याऐंशी वर्षांच्या कियोनो-सान म्हणाल्या.

ओबोनच्या, म्हणजे आमच्या पितरांच्या सणाच्या नाचात जन्मभर पहिलीवर टाळी दिलेले हात आमचे. जित्याची खोड! सातदा रेकॉर्ड केलं, सातदा पहिलीवरच पडली. मित्सुएचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी अल्बम छपाईला जायचा होता, आणि बाहेर रांग लागली होती. मला स्वतःच्या हातांचा राग आला.

तेवढ्यात एदसोन आला. कपडे बदलायच्या खोलीत स्टुलावर बसून त्यानं कानाला हेडफोन लावले. गाणं संपलं तरी काढेना.

"टाळ्या कुणी दिल्या?"

"चुकल्यात त्या," मित्सुए घाईनं म्हणाली. "काढून टाकते."

"खबरदार!" त्याचा आवाज चिरकला. "आमची आजी मूळची इकडची, कुमामोतोची. तिकडे साओ पावलोत, अंगणात आम्ही सांबा वाजवायचो आणि ती अशीच टाळी द्यायची, भलत्या जागी. आम्ही पोरं तिला हसायचो. बारा वर्षं झाली तिला जाऊन." त्यानं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. "मित्सुए-सान, हे आमच्या घरचं आहे."

मित्सुए टॉवेलात तोंड खुपसून रडली. कियोनो-सान आपले सुरकुतलेले तळवे उलटसुलट करून बघत होत्या.

"मग?" त्या म्हणाल्या. "आणखी एकदा वाजवू?"