पांढऱ्या रानात लेकामागं

सन दोन हजार एकोणीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं. आमच्या लोह्याहून निघून तिसऱ्या दिवशी हिमाचलातल्या एका डोंगरगावात उतरलो, ते एकच काम धरून. लेकाला घरी आणायचं. तो तिथं लोकांना बर्फातून डोंगरमाथ्यावर नेतो. आमचं रान दुसऱ्यानं कसावं आन् ह्यानं डोंगर हिंडावं, हे मला पटत नव्हतं.

तो म्हणला, "आबा, एक दिवस माझ्यासंगं वर चला. मग काय बोलायचं ते बोला."

सकाळी त्यानं माझ्या बुटांखाली जाळीचे रुंद तळवे बांधले. पायाला सुपं बांधल्यावानी फाकत चाललो. वाट न्हाईच. देवदाराच्या फांद्या हातानं सारत जायचं. वरून बर्फ सुटायचं आन् आवाज न करता खांद्यावर बसायचं, जिनिंगात कापूस उडतो तसं. आपण चालून राहिलो का झोपेत हाव, कळंना. लेक पुढं धुरकट दिसायचा, पुसला जायचा, परत दिसायचा.

जाळ्या लई अडकू लागल्या. आमच्याकडं पावसात काळी माती पायताणाला धरली की पायताण काढून हातात घ्यायचं, ही आमची रीत. मी खाली बसलो आन् जाळ्या सोडल्या.

"आबा, सोडू नका!"

"मला चिखल शिकवतो व्हय? जन्म गेला तुडवण्यात."

उठून एक पाऊल टाकलं आन् छातीपर्यंत आत.

लेक पालथा पडून सरपटत आला. "काय आबा, पेरले गेलात काय?"

"पेरलोच. उगवायच्या आत काढ."

हसत हसत त्यानं हातानं बर्फ उकरलं, मला वर वढलं, गुडघ्यावर बसून जाळ्या परत बांधल्या. त्यापुढं मी त्याच्या पावलातच पाऊल टाकलं. तो काठी खुपसायचा, मुठीत बर्फ दाबायचा, उघडून बघायचा, मग वळायचा. पेरणीआधी मी मूठभर माती दाबून वापसा, म्हंजी पेरणीजोगी ओल, बघतो, अगदी तसं. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या माणसाला एवढं तर कळतं. हे त्याला कुणी शिकवलं असंल?

एक माथा झाला. पुढं झुडपांतून घुसून दुसरा. तिथं धुकं फाटलं. चहूकडं पांढरी शिखरं तरंगत होती, जमीन म्हणून काही नव्हतीच. माझा श्वास मलाच दुसऱ्याचा वाटला. घरी चल, हे इथंच बोलायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं.

"काही म्हणत होता का आबा?"

"न्हाई. चहा काढ."

त्यानं थर्मास उघडला. त्याचे हात फुटले होते, नांगरट करणाऱ्याचे असतात तसे. एकाच झाकणातून दोघांनी पिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या तिकीटखिडकीशी गेलो आन् परतीचं एकट्याचंच तिकीट काढलं.